८६ हजार पुस्तकं, तीन एक्सेल फायली आणि क्लाउडवरचं एक टेबल: मदत हवी

खतावणी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बँकेत ३४ वर्षं काढून निवृत्त झालो, आता गावच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसतो. वाचनालय एकोणिसाव्या शतकातलं, दाखल रजिस्टरांचे सतरा खंड. गेल्या सहा वर्षांत कॉलेजची पोरं, दोन निवृत्त शिक्षिका आणि मी असं मिळून ते सगळं एक्सेलमध्ये उतरवलं. तीन फायली झाल्या: मुख्य विभाग, बालविभाग, संदर्भ. रजिस्टरप्रमाणे एकूण नोंदी ८६,४१२.

आता हे क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका टेबलात भरायचंय. पुढे भाचा त्यावर पुस्तक शोधायचं पान करून देणार आहे. त्यानंच एक छोटी पायथन स्क्रिप्ट दिली. ती सीएसव्हीतली (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फायलीतली) एक ओळ वाचते, टेबलात घालते, मग पुढची. परवा रात्री नऊला लावली. साडेअकराला लॅपटॉप झोपी गेला आणि स्क्रिप्टही. तोवर ४१ हजारांच्या आसपास ओळी गेल्या होत्या. सकाळी पुन्हा लावली, तर आता सुरुवातीची पुस्तकं दोन-दोनदा दिसतायत.

एवढा वेळ लागतो का हो? आणि मध्येच बंद पडलं की काय करायचं असतं? भाच्याची परीक्षा आहे, त्याला सतत त्रास देणं बरं दिसत नाही.

चिंगी | सोमवार, रात्री ९:५८

सहा वर्षं! आधी साष्टांग नमस्कार घ्या काका.

डेटाहमाल | सोमवार, रात्री १०:२१

खतावणीकाका, हाच धंदा करतो, म्हणून आयडी असा. एकच प्रश्न: डेटाबेस कुठल्या रीजनला आहे, म्हणजे त्याचा सर्व्हर जगात कुठे आहे?

खतावणी | सोमवार, रात्री १०:३५

पानावर नॉर्थ व्हर्जिनिया लिहिलंय. मी काही निवडलं नव्हतं, तेच आधीपासून भरलेलं होतं. पिंग करून पाहिलं तर २२० मिलिसेकंद दाखवतंय.

डेटाहमाल | सोमवार, रात्री ११:०४

मग तुमचा लॅपटॉप बिचारा दमलेला नाही, तो वाट बघत बसला होता. हिशोब बघा. एक ओळ पाठवायची, अमेरिकेत ती लिहून व्हायची, "झालं" असा निरोप परत यायचा, मगच दुसरी ओळ. एका फेरीला २२० मिलिसेकंद म्हणजे ८६ हजार ओळींना सव्वापाच तास. डेटाबेस त्यातला बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. धान्याचं पोतं बाजारात न्यायचं सोडून एकेक दाणा पोस्टानं पाठवावा, तसं हे.

दोन गोष्टी करा. पहिली, डेटाबेस मुंबई रीजनला हलवा. अमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचंही २०२२ पासून आहे. तुमच्याकडे अजून जपावं असं काही भरलेलंच नाही, तेव्हा जुनं पुसा आणि मुंबईत नवं उघडा. दुसरी आणि खरी गोष्ट: एकेक इन्सर्ट करू नका, पोस्टग्रेसचा कॉपी कमांड वापरा. अख्खी फाईल एका प्रवाहात जाते. ८६ हजार ओळी म्हणजे चहाचा एक घोट.

आता कॉपीत सगळे अडखळतात ती जागा. नुसता कॉपी कमांड आणि फाईलचं नाव दिलं, तर पोस्टग्रेस ती फाईल *सर्व्हरच्या* डिस्कवर शोधतो. स्वतःच्या मशीनवर हे चालतं. भाड्याच्या क्लाउड डेटाबेसमध्ये त्या डिस्कपर्यंत तुमचा हातच पोचत नाही, म्हणून परवानगी नाही असं उत्तर येतं. त्यासाठी पीएसक्यूएल या प्रोग्रॅममध्ये, कॉपीच्या आधी उलटी तिरकी रेघ असलेला कमांड आहे. नाव तेच, पण फाईल तुमच्या लॅपटॉपवरून वाचून धाडतो. सूत्र एवढंच: रेघ नसेल तर फाईल सर्व्हरवरची, रेघ असेल तर तुमच्याकडची.

आणि दुप्पट ओळींचं म्हणाल तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे कायम होत होती, म्हणून अर्धी फाईल आत राहिली. कॉपी म्हणजे एकच व्यवहार. ५०,००० व्या ओळीवर अडला तर आधीच्या ४९,९९९ सुद्धा आत राहत नाहीत. बँकवाल्यांना हे आवडावं.

खतावणी | सोमवार, रात्री ११:१९

आवडलंच. अर्धवट पोस्टिंग म्हणजे आमच्याकडे रात्री दहापर्यंत ब्रँचमध्ये मुक्काम.

नळस्टॉप | मंगळवार, सकाळी ७:५०

पोस्टग्रेस कशाला पण? अमेझॉनचा डायनॅमोडीबी डेटाबेस घ्या. सर्व्हर सांभाळायचा नाही, स्कीमा (रकान्यांचा आराखडा) नाही, सीएसव्ही एसथ्रीत, त्यांच्याच फायली ठेवायच्या जागेत, टाका आणि इम्पोर्ट दाबा. २०२२ पासून ही सोय आहे. पाच मिनिटांत काम.

डेटाहमाल | मंगळवार, सकाळी ९:१२

@नळस्टॉप, सोय आहे, खरंय. पण तो इम्पोर्ट दर वेळी *नवंच* टेबल तयार करतो, असलेल्या टेबलात भर घालत नाही. शिवाय सीएसव्हीतून येताना की (ओळखीचा मुख्य रकाना) सोडून बाकी सगळे रकाने अक्षरमाला म्हणूनच बसतात, म्हणजे किमतीची बेरीजसुद्धा तिथं करता येणार नाही. आणि वाचनालयात माणूस येतो तो "ते पाटलांचं, विहिरीवरचं, लाल कव्हराचं" असं विचारत. त्याच्यासाठी एसक्यूएल, म्हणजे टेबलाला हवे तसे प्रश्न विचारायची भाषाच बरी.

डायनॅमोडीबीत असलेल्या टेबलात भरायचं तर बॅचराइटआयटम नावाचा कॉल, एका वेळी २५ नोंदी. त्यावरून मागच्या नोकरीतली गोष्ट. आमच्यातल्याच एकानं असंच भरलं, एरर एकही नाही, सगळे खूश. महिन्यानं लक्षात आलं की काही हजार नोंदी नाहीतच. तो कॉल ताण आला की काही नोंदी न लिहिता "या राहिल्या" अशी यादी परत देतो. एरर नाही, साधी यादी. ती यादी कोणी वाचतच नव्हतं. डेटाबेसचं काही चुकलं नव्हतं, दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

नळस्टॉप | मंगळवार, सकाळी ९:३०

ओके, माघार. पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खतावणी | मंगळवार, रात्री ८:१५

मुंबईत नवा डेटाबेस केला. पिंग १८. रेघवाला कॉपी दिला आणि फटकन एरर. तिसऱ्याच ओळीला म्हणतो, किमतीच्या रकान्यातली किंमत आकडा नाही. किंमत आहे "१२५/-". ते काढलं तर पुढे "रु. ८०". ते काढलं तर पुढे देवनागरी आकडे. ते आपल्या सगळ्यांना आकडेच वाटतात, पोस्टग्रेसला नाही वाटत! दर वेळी एक चूक सापडते, ती सुधारली की पुढची. या गतीनं दिवाळी होईल.

डेटाहमाल | मंगळवार, रात्री ९:०३

आता मी ज्याची वाट बघत होतो ते सांगतो. हे लक्षात ठेवलंत तर बाकीचं विसरलात तरी चालेल.

मूळ टेबलात थेट भरू नका. घरात पोती आली की थेट कोठीत ओततो का आपण? आधी पडवीत उतरवतो. चाळतो, पाखडतो, खडे वेचतो, मग आत. तशी एक पडवी करा. म्हणजे असं टेबल, ज्यात फाईलमधले सगळेच्या सगळे रकाने नुसता मजकूर म्हणून असतील. किंमत मजकूर, तारीख मजकूर, दाखल क्रमांकसुद्धा मजकूर. कुठलीच अट नाही, प्रायमरी की (दुबार नोंद होऊ न देणारा ओळखीचा रकाना) नाही. त्यात कॉपी करा. मजकुराच्या रकान्यात "१२५/-" ला कोण अडवणार?

आणखी दोन रकाने घाला: फाईलचं नाव आणि त्या फाईलमधला ओळ क्रमांक. कॉपीच्या आधी सीएसव्हीतच घातलेले बरे. उद्या "ही चूक कुठून आली" असं विचारलंत तर पडवी बोट दाखवून सांगेल.

मग एकेक ओळ दुरुस्त करत बसायचं नाही. प्रश्न विचारायचे: किमतीच्या रकान्यात आकडे सोडून काय काय आहे, ते गट करून दाखव. पाच मिनिटांत कळेल की चुका हजारो असल्या तरी *प्रकार* आठ-दहाच आहेत. प्रत्येक प्रकाराला एक नियम. देवनागरी आकड्यांना ट्रान्सलेट नावाचं फंक्शन आहे, दहा आकडे या बाजूला, दहा त्या बाजूला, एका ओळीत काम. नियम लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली तरी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

पोस्टग्रेस १७ पासून कॉपीमध्ये चुकीच्या ओळी गाळून पुढे जायची सोय आली आहे. तुमच्यासाठी ती सुचवत नाही. गाळलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक.

कऱ्हाकाठ | मंगळवार, रात्री १०:४४

मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे राहवत नाही. काका, हे सगळं स्वतः का उभारताय? कोहा आहे, ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली, जगभर वापरतात. एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय आहे. देवघेव, सभासद, थकबाकी सगळं त्यात तयार मिळतं. अनुदानाच्या तपासणीला लागणारे अहवालही काढता येतात.

खतावणी | मंगळवार, रात्री ११:०२

ताई, मुद्दा मान्य. कार्यकारिणीत कोहाची चर्चा चालू आहे. पण कोहात टाकायचं म्हटलं तरी हाच कचरा आधी उपसावा लागणार ना? आधी एक स्वच्छ टेबल करू, मग कुठंही नेता येईल.

कऱ्हाकाठ | मंगळवार, रात्री ११:१०

ते बरोबर. मग एक धोक्याची घंटा वाजवते: प्रकाशन वर्ष बघा. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो. "शके १८४०" म्हणजे इसवी १९१८-१९. ज्या पोरानं "शके" हा शब्द सोडून नुसता आकडा भरला असेल, त्याच्या हिशोबानं ते पुस्तक १८४० सालचं. कुठलाही डेटाबेस ही चूक पकडणार नाही, कारण १८४० हा आकडा अगदी धडधाकट आहे.

खतावणी | बुधवार, सकाळी ६:२०

अरे देवा. आमच्याकडे "१८२० ते १८६५" मध्ये ६०० वर पुस्तकं दिसतायत आणि मी परवा कार्यकारिणीत छाती फुगवून सांगितलं की आपल्याकडे एवढी दुर्मीळ पुस्तकं आहेत.

चिंगी | बुधवार, सकाळी ६:५५

😂😂 सांगितलंत तर सांगितलंत, अनुदान येईपर्यंत गप्प राहा.

कऱ्हाकाठ | बुधवार, सकाळी ९:३१

😄 तसं नका करू. सगळे ७८ मिळवून मोकळेही होऊ नका, खरी जुनीही असतील त्यात. रजिस्टरचं पान काढा, दाखल तारीख बघा, मग पुस्तकाचं मुखपृष्ठ उघडा. शिवाय शक पाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या पुस्तकांना ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर मूळ शक वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. आम्ही तसंच करतो.

बोरुबहाद्दर | बुधवार, दुपारी १:१५

तीस वर्षं डीटीपी केलं. माझा प्रश्न: पोरांनी कुठल्या फॉन्टात टंकलंय? सहा वर्षांपूर्वीचं म्हणताय म्हणून विचारतो. जुनी यादी कुणाकडून आयती मिळाली होती का?

खतावणी | बुधवार, दुपारी २:४०

बालविभागाची जुनी यादी होती खरी, तीच चिकटवली. एक्सेलमध्ये मराठी दिसते छान. पडवीत मात्र बालविभागाच्या चार हजार ओळींत नुसती इंग्रजी अक्षरं. मला वाटलं फाईल बिघडली.

बोरुबहाद्दर | बुधवार, दुपारी ३:०५

फाईल ठणठणीत आहे. ते कृतिदेव किंवा श्रीलिपी. त्या काळात मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक नव्हताच आमच्याकडे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढलेला असायचा. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहिलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात ई-जे-के-बी-एच अशी पाच रोमन अक्षरं बसतात. फॉन्ट लावला तर मराठी, काढला तर भुताटकी. डेटाबेसला फॉन्ट नसतो.

हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण संकेतांकांत, बदलणारे परिवर्तक मिळतात. पण नुसती अदलाबदल करणारा घेऊ नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या *आधी* टंकतात आणि रफार *नंतर*, हातानं लिहिताना जसं दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये बरोबर उलटं, उच्चाराप्रमाणे. हा क्रम न हलवणारा परिवर्तक वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या गळ्यात मारतो. आधी वीस-पंचवीस शीर्षकांवर चालवून बघा. "किर्लोस्कर", "विश्वकर्मा", "स्मृतिचित्रे" असले शब्द घ्या, त्यात सगळी परीक्षा होते.

आणि एक बारीक काडी. "ऱ्या" दोन तऱ्हांनी लिहितात. कोणी टिंबवाला ऱ आणि हलन्त घेतो, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. "दुसऱ्या" शोधलं की निम्मी पुस्तकं गायब.

डेटाहमाल | बुधवार, दुपारी ४:२०

बोरुबहाद्दर, हे मला नव्हतं माहीत, आणि माझ्या पगारावर हे माहीत असायला हवं होतं. भर घालतो: पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, त्यानं र अधिक नुक्ता (खालचं टिंब) आणि अखंड ऱ एक होतात. पण न दिसणाऱ्या जोडकाची जात त्यात बसत नाही, ती हातानंच बदलावी लागते. पडवीतच करा, एका नियमात.

थेम्सकाठी | बुधवार, संध्याकाळी ७:१२

वाचतेय चवीनं. काका, एक्सेलमधून सीएसव्ही करताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बघा. आकडा तेरा अंकी, एक्सेल तो "९.७८८१८ई+१२" असा आखडून दाखवतो. पेशीत खरा आकडा पूर्ण असतो, पण सीएसव्हीत *दिसतं तेच* उतरतं. म्हणजे शेवटचे अंक गेले. मूळ एक्सेल फाईल उघडा, रकाना शून्य दशांशाचा आकडा करा, मग नव्यानं सीएसव्ही काढा. सीएसव्ही मात्र पुन्हा एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडायची नाही, एकदाही नाही.

शेवटचा अंक तपासणीचा असतो हे तुम्हाला आवडेल. अंकांना आलटून पालटून १ आणि ३ नं गुणून बेरीज करा, दहानं भाग गेला पाहिजे. २००७ पूर्वीच्या दहा अंकींची रीत वेगळी, आणि त्यात विलायती पुस्तकांचे बरेच क्रमांक शून्यानं सुरू होतात. एक्सेलनं तो शून्य खाल्लेला असणार. आपल्याकडचे ८१ नं सुरू होतात म्हणून वाचले.

खतावणी | गुरुवार, रात्री ९:३०

प्रगती अहवाल. तिन्ही फायली पडवीत उतरल्या. कॉपीला लागलेला वेळ: तिन्ही मिळून चार सेकंद! मी दोनदा तपासलं.

मधे दोन अडथळे आले ते नोंदवतो, कुणाला उपयोगी पडतील. एक, भाच्याच्या स्क्रिप्टनं फाईल वाचायला घेतली तर "दाखल क्रमांक" नावाचा रकानाच नाही म्हणे, आणि डोळ्यासमोर तर दिसतोय. भाचा म्हणाला, एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्हीत सुरुवातीला तीन न दिसणाऱ्या बाइट्सचा टिळा असतो, तो रकान्याच्या नावाला चिकटला. स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंगच्या नावापुढे सिग जोडलं, मिटलं. दोन, मी नोटपॅडमध्ये ओळी मोजत होतो त्या पडवीपेक्षा जास्त भरत होत्या. ज्या पेशींमध्ये ऑल्ट-एंटर मारून दोन ओळींत शीर्षक लिहिलंय, त्या एका नोंदीच्या दोन ओळी होतात. अवतरणांत असल्यामुळे पोस्टग्रेस बरोबर एकच धरतो, नोटपॅड नाही.

आता गंमत. कपाट-खण हा रकाना आहे. पाचवं कपाट, आठवा खण, म्हणून आम्ही "५-८" लिहायचो. एक्सेलनं त्याचा ५ ऑगस्ट केलाय. वाचनालयातली निम्मी पुस्तकं कुठल्या ना कुठल्या तारखेला ठेवलेली आहेत.

आणि ताळा. बँकेची सवय, रजिस्टरच्या प्रत्येक खंडाअखेरीस नोंदींची संख्या आणि किमतींची बेरीज आहे, ऑडिटसाठी पूर्वजांनी मांडलेली. संख्या अशी:

बालविभाग: रजिस्टर ११,९४६, पडवी ११,९४६.
संदर्भ: रजिस्टर ३,२५८, पडवी ३,२५८.
मुख्य: रजिस्टर ७१,२०८, पडवी ६५,५३५.

मुख्य विभागात ५,६७३ पुस्तकं कमी. एरर कुठंच नाही. कॉपीनं ओळी खाल्ल्या का?

डेटाहमाल | गुरुवार, रात्री ९:४१

६५,५३५!!! काका, तो आकडा पुन्हा वाचा. शीर्षकाची ओळ धरून ६५,५३६. मुख्य विभागाची फाईल कुणी तरी कधी तरी जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह केली. त्यात एका शीटवर नेमक्या ६५,५३६ ओळी मावतात. नव्या प्रकारात १०,४८,५७६. कॉपी निर्दोष आहे, तिच्या हातात फाईल आली तेव्हाच ती शेपूट कापलेली होती.

(याच आकड्याचं सख्खं भावंड पोस्टग्रेसमध्येही आहे. एका इन्सर्टमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त पॅरामीटर (भरायची मूल्यं) बांधता येत नाहीत. १४ रकाने असतील तर एका झटक्यात ४,६८१ ओळी. दोघांचं मूळ १६ बिटांत.)

थेम्सकाठी | गुरुवार, रात्री १०:०५

काका, वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या घरात झालंय हे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इथं इंग्लंडात १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांतून सुटली होती. प्रयोगशाळांकडून सीएसव्ही यायच्या, पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये त्या एक्सएलएसच्या साच्यात ओतल्या जायच्या. एका रुग्णाच्या बऱ्याच ओळी, त्यामुळे एका फाईलमध्ये चौदाशेच्या आसपास रुग्ण मावायचे, पुढचे बाहेर. त्यांचे संपर्क शोधायलाही उशीर झाला. बातमी वाचली तेव्हा आम्ही घरात कोंडलेले होतो, हसावं की रडावं कळेना.

खतावणी | शुक्रवार, सकाळी ७:०५

सापडलं. वाचनालयातला जुना संगणक. त्यावर जुनं ऑफिस आहे. शेवटचा खंड जिनं भरला त्या बाईंच्या पेनड्राइव्हवर पूर्ण फाईल जिवंत आहे. फोनवर म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी पिवळं त्रिकोण आलं म्हणून. तुम्हीच म्हणालात, ओके दाबा."

मीच म्हणालो असणार. आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतं.

डेटाहमाल | शुक्रवार, सकाळी ९:२०

कपाटाच्या तारखांबद्दल: "५ ऑगस्ट" मधून दिवस-महिना काढला की ५-८ परत मिळतो, पडवीत एका नियमात होईल. पण एका अटीवर. टंकताना त्या संगणकाची तारीख भारतीय पद्धतीची असली पाहिजे. एखाद्यावर अमेरिकी पद्धत असेल तर त्यानं "५-८" ला ८ मे केलंय, आणि तुम्ही ८-५ वाचाल.

खतावणी | शुक्रवार, सकाळी ९:५०

दोन संगणक होते. कुठला कुठल्या पद्धतीचा, आता कोण सांगणार?

कऱ्हाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:१५

कपाट सांगेल. उठा आणि पाचव्या कपाटाचा आठवा खण बघा. 🙂

जाता जाता: सभासदांची यादीही याच डेटाबेसात टाकणार असाल तर फोन नंबर, पत्ते असलेल्या सीएसव्ही उघड्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फायलींच्या साठ्यात) किंवा व्हॉट्सअपच्या ग्रुपवर फिरवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, आणि नसता तरी गाव छोटं आहे.

पानटपरी | शुक्रवार, दुपारी १२:३०

वाचनखूण साठवली. आमच्या दूध संस्थेच्या खातेदारांचं हेच चाललंय, माझ्याकडे बिगक्वेरी, म्हणजे गूगलचा क्लाउड डेटाबेस आहे. त्याला रकान्यांचे प्रकार आपोआप ओळखायला सांगितले होते. सभासद क्रमांक पूर्णांक धरला आणि पुढे कुठं तरी "११४२अ" आला तिथं आडवा झाला.

डेटाहमाल | शुक्रवार, दुपारी १:०२

तो फार तर पहिल्या ५०० ओळी बघून अंदाज बांधतो. तुमचा "अ" त्याच्या पुढे बसला असणार. आपोआप बंद करा, सगळे रकाने स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून सांगा. तिथंही पडवीच.

खतावणी | रविवार, रात्री १०:१०

संख्या जुळली. ८६,४१२. पडवीतून मूळ टेबलात टाकताना दाखल क्रमांकाला प्रायमरी की लावली, एकही दुप्पट नाही. शकाची पुस्तकं ३०० वर तपासून झाली, बाकीच्यांचा मूळ शक वेगळ्या रकान्यात ठेवलाय.

किमतींची बेरीज जुळेना. रजिस्टरपेक्षा टेबलात ३८,३२५ रुपये जास्त. सगळ्यात महाग पुस्तक कोणतं ते विचारलं, तर एक पातळशी कादंबरी ३८,५०४ रुपयांना! रजिस्टरमध्ये किंमत १२५. डोकं खाजवलं आणि मग थेम्सकाठींच्या सल्ल्यांवरून सुचलं, एक्सेल तारखेला आतून आकडा म्हणूनच ठेवतो. ३८,५०४ म्हणजे १ जून २००५, त्या कादंबरीची दाखल तारीख. एक रकाना सरकला होता. दुरुस्त केल्यावर जास्तीचं गेलं आणि उलट ५४ रुपये कमी निघाले.

५४ ला ९ नं भाग जातो. फरकाला नवानं भाग गेला की कॅशियर आधी उलटे लिहिलेले अंक शोधतो, आमच्या पहिल्या मॅनेजरनं शिकवलेलं. ज्या नोंदींत दशक आणि एकक उलटवले की ५४ नं वाढतात अशा काढल्या: १७, २८, ३९ यांसारख्या किमती. ३९ रुपयांची ११२ पुस्तकं निघाली. रजिस्टर घेऊन बसलो, ८७ व्या पुस्तकाला सापडलं. रजिस्टरात ९३, टेबलात ३९.

डेटाहमाल | रविवार, रात्री १०:२८

काका, आमच्या कंपनीत जागा निघाली आहे.

चिंगी | रविवार, रात्री १०:३१

टंकलं कुणी होतं ते पुस्तक?

खतावणी | रविवार, रात्री १०:४०

अक्षर माझंच.